पाचशे पानांचा हात

३ जुलै १९९४, रविवार

ही वही डॉक्टरांची. म्हणजे विकत आणली तुंगाने, पण हुकूम डॉक्टरांचा. रक्तदाब वाढलाय, तर रोज काय खाल्लं ते लिहून ठेवा आणि दर महिन्याला दाखवा, म्हणाले. मी म्हटलं, मला लिहिता येत नाही. तर म्हणे, नातीला सांगा. नातीला मराठी लिहिता येतं का, हे त्यांनी विचारलं नाही. तुंगा शाळेत हिंदी शिकली. तिथली अक्षरं घेऊन ती माझं बोलणं त्यात बसवते. एखादा शब्द अडला की कन्नडात लिहिते, आणि मला काय वाचता येतंय, म्हणून गप्प बसते. मला कळतं. पेन थांबलं की कळतं.

तर लिही. सकाळी दोन इडल्या, बिनमिठाच्या चटणीबरोबर. त्याला खाणं म्हणत असतील तर खाल्लं.

डॉक्टर आणखी एक म्हणाले. सत्तरी उलटली की जीभ बोथट होते, मग माणूस मीठ मागत सुटतो. माझी जीभ अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. बोथट झाली असती तर माझ्या सुनेने, तुळसीने, एव्हाना गल्लीत साखर वाटली असती.

दुपारी वर जेवलो. वर म्हणजे आमच्याच घरावर. गंगाधर, माझा मुलगा, कचेरीतून वेळेआधी निवृत्त झाला. मग नजरबाद मोहल्ल्यातल्या या घरावर त्याने दोन मजले चढवले आणि अगदी वरच्या गच्चीवर हॉटेल काढलं. नाव गिरिदर्शन. शेहेचाळीस पायऱ्या आहेत, मी मोजल्या आहेत, माझ्या गुडघ्यांनीही मोजल्या आहेत. कठड्याशी बसलं की समोर चामुंडीचा डोंगर सबंध दिसतो, पायथ्याला कारंजी तळं आणि उजव्या हाताला राजवाड्याचे घुमट. दर रविवारी गंगाधर आम्हाला वर नेऊन कठड्याच्या टेबलाशी बसवतो. रस्त्यावरून बघणाऱ्याला वाटावं, गिऱ्हाईक आहे.

सारात मीठ नव्हतं. मागच्या रविवारी इतकं होतं की मी दोन तांबे पाणी प्याले. आज सगळे डोंगराकडे बघत जेवत होते. ज्याला पानात बघवत नाही तो आणखी कुठे बघणार.

आणि स्वयंपाकी मी आणलेला आहे. हे डॉक्टरांना वाचून दाखवू नको.

१० जुलै, रविवार

स्वयंपाक्याचं सांगायचं राहिलं. हयग्रीवाचार त्यांचं नाव. पन्नाशीचे, उंच, वाळलेले, बोलणं मोजून. एका मठात एकतीस वर्षं स्वयंपाक केला. मागच्या वर्षी त्या मठाच्या आराधनेला, म्हणजे स्वामींच्या पुण्यतिथीला, मी बाहेरच्या पंक्तीत जेवले. पाचशे पानं उठली असतील. हुळी वाढली, म्हणजे आपलं आंबट वरण हो, आणि पहिल्या घासाला मी शेजारणीला विचारलं, हा हात कोणाचा? पाचशे माणसांच्या वरणात मीठ, चिंच, गूळ, सगळं एका रेषेत बसलेलं. आमच्या घरात चार माणसांचं बसत नाही.

पुढे मठाने जेवणावळी कंत्राटदाराला दिल्या आणि आचार घरी बसले. त्यांची बायको नंजनगुडला, दोन मुली कॉलेजात. मी गंगाधरला म्हटलं, हा माणूस आण, मी सांगते. आणला. आचारांनी एकच अट घातली, की जिन्यावरून मांस-मच्छी वर चढायची नाही. आम्ही पूर्वी इकडे आलेल्या मराठी फौजेतल्या शिपाईगड्यांचे वंशज, मंगळवारी खाली मटण शिजतंच. मग ते वर कठड्यावरच्या काचेच्या खिडक्या लावून घेतात. मंगळवारच्या गिऱ्हाइकाला डोंगर काचेतून बघावा लागतो.

आजचं जेवण: पल्याभाजी खारट, सार अळणी, पायस बरं. गल्ल्यावर अभिप्रायाची वही ठेवली आहे, ती मी तुंगाकडून वाचून घेतली. एकाने लिहिलंय, देखावा अप्रतिम. दुसऱ्याने लिहिलंय, देखावा अप्रतिम. तिसऱ्याने लिहिलंय, इथे चहा घ्यावा.

१३ जुलै

दोन दोसे. तिसरा लिहू नको.

२४ जुलै, रविवार

बंगळूरहून एक कुटुंब आलं होतं. त्यातल्या बाईने हुळीचा एक घास घेतला, वाटी बाजूला ठेवली आणि नवऱ्याला डोंगराचा फोटो काढायला सांगितला. फोटोत वाटी येऊ नये म्हणून ती सरकून बसली. गंगाधर गल्ल्यावरून हे सगळं बघत होता. त्याची मान त्याच्या वडिलांसारखी खाली जाते. शंभूराव गेले त्याला वीस वर्षं झाली, पण ती मान घरात आहे अजून.

संध्याकाळी तो माझ्याजवळ येऊन बसला. बंगळूरला एक जण आहे, म्हणाला, उंच पांढरी टोपी घालतो, फ्लॉवरचं काहीतरी चिनी करतो, दसऱ्याला यायला तयार आहे. गौरी-गणपती झाले की आचारांना सांगून टाकतो. दसऱ्यात गावभर पाहुणे असतात, तेव्हा तरी गच्ची भरली पाहिजे, नाहीतर बंद करावं लागेल.

मी म्हटलं, त्यांचा हात चांगला आहे रे.

तो म्हणाला, "आई, तुला तेव्हा चांगला लागला." आणि पुढचं बोलला नाही. पुढचं डॉक्टर बोलून गेलेच आहेत.

तेव्हापासून मी विचार करतेय. आराधनेला मी सकाळपासून उपाशी होते. भुकेल्या माणसाला काहीही गोड लागतं. मी भुकेच्या शब्दावर एका माणसाला शेहेचाळीस पायऱ्या चढवल्या का? आणि आता त्याला त्याच पायऱ्या उतरवणार? तुंगे, पेन थांबलं तुझं. लिही. म्हातारीला शंका आली, असं लिही.

१९ ऑगस्ट, शुक्रवार

वरमहालक्ष्मीचं व्रत. तुळसीने मला कळू न देता माझ्या सारात मीठ घातलं. देवी तिचं भलं करो. दुपारी वर तिघेच गिऱ्हाईक आणि तिघांनीही दहीभात मागितला. दहीभाताला काय होणार आहे.

आचार मला जिन्यात भेटले. बंगळूरच्या टोपीचं त्यांच्या कानावर गेलंय. मला म्हणाले, "अज्जी, तुमचा शब्द मी खराब केला." 

८ सप्टेंबर, गुरुवार

गौरी. आज मला एक गोष्ट कळली. ती कळायला अडीच महिने लागले, याची मला लाज वाटते. म्हणून सविस्तर लिही.

सकाळपासून तुळसी आणि तुंगा स्वयंपाकघरात. गौरीला नैवेद्य दाखवला, पानं वाढली, मी पहिला घास घेतला आणि तोंड धरून बसले. हुळीत दुप्पट मीठ. तुळसीने घातलं होतं, आणि ती फुलं आणायला गेली तेव्हा तुंगानेही घातलं होतं. हो, हे पण लिही, गाळू नको.

मी विचारलं, चाखून नाही का बघितलं?

तुळसी म्हणाली, "अत्ते, नैवेद्य व्हायचा होता. कसं चाखणार?"

बरोबर आहे. देवाच्या आधी जिभेला लावायचं नाही. आमच्या घरात हे वर्षातून सात-आठ दिवस असतं आणि त्या सात-आठ दिवसांत दरवेळी काहीतरी फसतं. मी तसंच खात होते. दुसरा घास हातात असतानाच मला आचार दिसले. त्या माणसाला रोजच गौर आहे.

मी उठले. गुडघ्यांना विचारलं नाही. वर गेले. सणाची गर्दी अशी काही नव्हतीच. आचार चुलीपासून लांब बसून सुपारी कातरत होते. मी उंबऱ्याबाहेर उभी राहून विचारलं, आचार, तुम्ही रांधलेलं चाखता का?

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी विचारलं, चोरी करता का.

एकतीस वर्षं, म्हणाले, देवाला दाखवल्याशिवाय एक शीत जिभेवर नाही. इथेही त्यांनी फडताळात देव ठेवलाय. सकाळच्या स्वयंपाकाचा नैवेद्य साडेबाराला होतो. मग गिऱ्हाइकांची वाढणी. ते स्वतः तीनला बसतात, एकदाच. तोवर जे व्हायचं ते पानांत होऊन गेलेलं असतं.

मग मठात कसं जमायचं?

तेव्हा त्यांनी उजवा हात पुढे केला, पंजा उघडा. "पाचशे पानांना हा बसलाय, अज्जी. पाचशेला किती मूठ, हे मला माहीत नाही, हाताला माहीत आहे. इथे आज चार पानं, उद्या चाळीस, परवा अकरा. हात विचारतो, किती? मी काय सांगू?"

आणि हे गंगाधरला का नाही सांगितलं? तर म्हणाले, कोणी विचारलं नाही. ज्याला रांधता येतं त्याने, मला अंदाज येत नाही, असं कोणत्या तोंडाने सांगायचं?

मी त्या हाताकडे बघत राहिले. माझाही तसाच आहे. मला अक्षर येत नाही, वजन वाचता येत नाही, मी जन्मभर चिमटीने आणि मुठीने घर चालवलं. मुली लग्न होऊन गेल्या तेव्हा वर्षभर माझा भात उरत होता. तुळसीला वाटलं होतं, सासू विसरायला लागली.

१० सप्टेंबर, शनिवार

गंगाधरला सांगितलं. तो म्हणाला, मग त्यांना म्हणावं चाखा. किती सोपं. त्याला म्हटलं, तू कचेरीत तीस वर्षं टेबलाच्या डाव्या बाजूला पाणी ठेवायचास, उजवीकडे ठेवलं तर फाईल पुढे सरकायची नाही तुझी. माणसाला असं नुसतं म्हणून भागत नाही.

तराजू आणूया, म्हणाला. आणला. आचारांनी मीठ तोललं आणि तोलून झाल्यावर हाताने आणखी एक मूठ टाकली. हाताला तराजू दिसत नाही.

मग मी आचारांपुढे माझं म्हणणं ठेवलं. जीभ पाहिजे ना? माझी घ्या. मी उंबऱ्याबाहेर बसेन, आत येणार नाही. पळीतून वरूनच माझ्या हातावर एक थेंब सोडा. भांड्याला मी शिवत नाही, पळीला शिवत नाही.

ते म्हणाले, देवाच्या आधी तुम्ही खाल्लं, हे तर खरंच ना.

साकु, पुरे झालं, म्हटलं, मग टोपीवाल्यालाच येऊ दे. पण मला वाईट वाटलं. गंगाधर मात्र विजयादशमीपर्यंत थांबायला कबूल झालाय. त्यापुढे एक दिवस नाही.

१३ सप्टेंबर, मंगळवार

मटण, दोन फोडी. चार.

आचार स्वतः खाली आले, मंगळवार असून, नाकाला उपरणं लावून. दारातच उभे राहिले. तीन दिवस विचार केला, म्हणाले. पळीतून कधीकधी सांडतं. सांडलेलं देवाला चालत नाही, ते नैवेद्याचं नसतंच. आता सांडताना खाली कोणाचा हात असेल तर त्याला रांधणारा काय करणार.

मी म्हटलं, काही करू शकत नाही बिचारा.

"उद्या दहाला सांडेल," म्हणाले आणि गेले.

१४ सप्टेंबर, बुधवार

दहाला सांडलं. उंबऱ्याबाहेर माझ्यासाठी पाट होता. सार, हुळी, पल्याभाजीचा रस. तीन थेंब. प्रत्येक वेळी आचार दुसरीकडे बघत होते, जणू हात त्यांचा नव्हेच. मी म्हटलं, साराला मीठ कमी, हुळीला बरंच कमी, पल्याला चिमूट. त्यांनी घातलं. ही जीभ बोथट म्हणे.

डॉक्टर विचारतील तर हे खाणं नाही. हे सांडणं आहे.

१८ सप्टेंबर, रविवार

पाच दिवस झाले. आज कुटुंबासकट वर जेवले. जेवण सुरेख. मला तर आराधनेची आठवण झाली. तुळसीने चार वेळा पाणी घेतलं, ऊन होतं. शेजारच्या टेबलावरचे लोक ताक मागवत होते, गंगाधरला दोनदा खाली जाऊन दही आणावं लागलं. मी त्याला म्हटलं, बघ, ताकसुद्धा खपतंय. तो हसला, पण कसानुसा. दमलाय.

तुंगाला अभिप्राय वाचायला सांगितले. ती म्हणाली, आज कोणी लिहिलं नाही. पण दोन पानं उलटताना मी पाहिली. शाई ओली दिसत होती. मी म्हटलं, हे काय? म्हणाली, डोंगराबद्दल आहे, अज्जी.

डोंगराबद्दल दोन पानं. लोकांना वेळ फार.

२१ सप्टेंबर, बुधवार

काल दुपारी तीनला मी वर होते, कारण खाली उतरायचा कंटाळा आला होता. आचार आपलं पान घेऊन बसले. एक घास घेतला, थांबले. पाणी प्याले. मग मला म्हणाले, "अज्जी, आजच्या हुळीत मीठ कसं होतं?"

मी म्हटलं, अगदी बेताचं, सकाळी घातलंत तेवढं पाहिजेच होतं.

त्यांनी पान पुन्हा पुढे ओढलं. मग सगळं पान जेवले, एक शीत टाकलं नाही. हात धुताना विचारलं, तुमचं घरचं जेवण तुम्हाला कसं लागतं? मी म्हटलं, डॉक्टरांच्या पायी अळणी. तुळसी चोरून घालते तरी अळणी. त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "तुमची जीभ रोज एकच बोलते. हे फार मोठं आहे, अज्जी. रोज बदलणारी जीभ असती तर मी काय केलं असतं?"

असं कौतुक मला शंभूरावांनी कधी केलं नाही. त्यांना एकच बोलणं आवडायचंही नाही म्हणा.

२८ सप्टेंबर, बुधवार

नेम चालू आहे. मी म्हणते, कमी आहे. आचार फडताळाकडे वळतात, पाठ माझ्याकडे, खांदा हलतो, येऊन पळी फिरवतात. पूर्वी ते बरणी चुलीजवळ आणून माझ्यासमोर घालायचे. आता तिकडेच उभे राहतात. देवाच्या बाजूला मीठ बरं असेल.

आणि मीठही चांगलं मिळतंय हल्ली. आधीच्या आठवड्यात बरणी चार दिवसांत रिकामी झाली होती. या खेपेची गेल्या बुधवारी भरलेली, आज बघितली तर निम्म्याच्या वर आहे.

तुंगे, हसतेस काय? काही नाही म्हणे. पोरीच्या वयाला कशाचंही हसू येतं.

२ ऑक्टोबर, रविवार

आज पहिल्यांदा आम्हाला कठड्याचं टेबल मिळालं नाही. भरलेलं होतं. आम्हाला आत, पाण्याच्या पिंपाशेजारी बसवलं. तिथून डोंगर दिसत नाही, स्वयंपाकघराचं दार दिसतं. मला तेच बरं. डोंगर काय, मी लग्न होऊन आले तेव्हापासून तिथेच आहे.

तुंगाने अभिप्राय आपण होऊन वाचले. सगळे वाचले, मोठ्याने, सावकाश. एकाने लिहिलंय, हुळीसाठी आलो, डोंगर नंतर दिसला. ते दोनदा वाचायला लावलं.

जेवून मी जिन्यात बसले होते श्वास घ्यायला. वरच्या वळणावर गंगाधर आचारांना विचारत होता, हे बसलं कसं एकदम? आचार म्हणाले, "अज्जी 'जरा कमी' म्हणाल्या की मी भांडं उतरवतो. अजून एकदाही चुकलं नाही." गंगाधर हसला, आणि हसू अर्ध्यावरच राहिलं. थोड्या वेळाने खाली आला, माझ्याजवळ पायरीवर बसला. टोपीवाल्याला नको म्हणून कळवलंय, म्हणाला. आणि माझा हात हातात घेतला, असं तो सातवीत नापास झाला तेव्हापासून केलं नव्हतं.

म्हणजे शेवटचा शब्द माझा असतो. हे आचारांनी स्वतः सांगितलं, मी नाही.

५ ऑक्टोबर

डॉक्टरांकडे गेलो. रक्तदाब उतरलाय. ते म्हणाले, मीठ सोडल्याचा गुण. वही घरी विसरली होती. तुंगा विसरली, असं ठरलं होतं.

१४ ऑक्टोबर, शुक्रवार

विजयादशमी. सकाळी मी पाटावर गेले तेव्हा आचार आधीच घामाघूम. आज जंबूसवारीला, म्हणजे दसऱ्याच्या हत्तीच्या मिरवणुकीला, लोटलेलं सगळं गाव दुपारी कुठेतरी जेवणार आणि गंगाधरने पाट मांडून पंक्ती लावायचं ठरवलेलं. दोनशे पानं होतील, म्हणाला. मी आचारांना म्हटलं, आज हाताला बरं वाटत असेल, ओळखीचा आकडा जवळ आला. ते हसले. तीन महिन्यांत त्यांचे दात मी पहिल्यांदा पाहिले. तरी सांडलं. पाचही भांड्यांचं. मी म्हटलं, हुळीला जरा कमी. ते म्हणाले, बरं, आणि फडताळाकडे गेले.

दुपारी गच्चीवर उभं राहायला जागा नव्हती. लांबून बॅण्ड ऐकू येत होता, मग तोफा झाल्या, सगळे कठड्याकडे धावले आणि पुन्हा पानांवर येऊन बसले. पानांवर परत आले, हे महत्त्वाचं. आचारांची बायको आणि दोघी मुली नंजनगुडहून आल्या होत्या. धाकटी वाढत होती. तिचा हातही लांब आहे, बापासारखा.

मला पहिल्या पंक्तीत बसवलं. समोर डोंगर होता, पण मध्ये लोक उभे होते. तुळसीने एकदाच पाणी घेतलं. शेजारच्या पानावर कोणी वयस्कर गृहस्थ होते, त्यांनी हुळी तीनदा मागितली आणि डोळे मिटून जेवले. आचार दारात उभे राहून माझ्याकडे बघत होते. माझ्याचकडे, दोनशे माणसं सोडून. मी घास घेतला.

मीठ कमी होतं.

म्हणजे फार नाही, पण कमी. सकाळी सांगूनही कमी. दोनशे पानांना हात अजून बसायचाय, दुसरं काय. पण माणूस तीन महिने खाली मान घालून वावरला आणि आज त्याची बायको-पोरं बघतायत. चिमूटभर मिठासाठी काय बोलायचं. मी त्यांच्याकडे बघून मान डोलवली, अगदी आराधनेला डोलवली होती तशी. त्यांनी उपरण्याने तोंड पुसलं आणि आत गेले.

पानाच्या कोपऱ्यात मीठ वाढलेलं होतंच. कोणी बघत नाही असं बघून मी त्यातलं चिमूटभर हुळीत कालवलं. मग झकास लागली.

तुंगे, हे शेवटचं लिहू नको. उगीच कधी आचारांच्या हाती वही पडायची आणि त्यांना वाईट वाटायचं.